आधणातली बोटं

पाण्याला आधण आलेलं होतं आणि आईची बोटं त्या पाण्यात होती, हे आधी सुमनच्या लक्षात आलं. कौशल्याचं सगळं ध्यान पातेल्याच्या तळाशी बसलेल्या दोन विटांकडे होतं. जर्मनच्या त्या पातेल्याचा काठ तिने डाव्या हाताने फडक्यात धरला होता, आत नीट दिसावं म्हणून पातेलं जरा कलतं केलं होतं, आणि फडकं आखूड पडल्यामुळे करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट अशी दोन बोटं काठावरून आत उतरून पाण्यात बुडली होती. "आई, तुझी बोटं पाण्यात हायत," सुमन म्हणाली. तुझा पदर मातीत लोळतोय, असं सांगावं तशी म्हणाली. कौशल्याने खाली पाहिलं. बोटांच्या भोवतीने बुडबुडे वर येत होते. तिने हात बाहेर काढला, पण घाईने नाही. घाई करायला काही कारण आहे, असं हाताने तिला सांगितलंच नव्हतं.

विटा म्हणजे काही खऱ्या विटा नव्हेत. बोटाच्या दोन पेरांएवढ्या, प्लॅस्टिकच्या, वरच्या अंगाला आठ-आठ टेंगळं असलेल्या. एकीची टेंगळं दुसरीच्या पोटात दाबली की दोघी धरून राहतात. सोपान, कौशल्याचा नवरा, पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यात बाटल्या धुण्याच्या खात्यात होता. तिथली यंत्रं बसवायला आलेला एक परदेशी इंजिनियर मायदेशी परत निघाला, तेव्हा त्याने घरातलं बोजड सामान खात्यातल्या माणसांना वाटून टाकलं. भांडणं नकोत म्हणून चिठ्ठ्या टाकल्या. कुणाला लोकरी कांबळं आलं, कुणाला टेबलावरचा दिवा, एकाला तर चाकाची खुर्ची आली, आणि सोपानच्या नशिबी पत्र्याच्या डब्यातल्या या विटा. "सोपानराव, आता दापोडीत बंगलाच बांधा," म्हणून चार दिवस सगळ्यांनी त्याची फिरकी घेतली. तो तोंड पाडून घरी आला आणि डबा सुमनपुढे आपटला. त्या दिवसापासून सहा वर्षांची ती पोर त्या डब्याची झाली. सकाळी तोंड धुवायच्या आधी डबा, आणि संध्याकाळी पानावर बसवायचं तर आधी डब्याला झाकण घालायचं. पण ही खोली होती रुळांच्या अंगाला. मालगाडी गेली की फळीवरची भांडी वाजायची आणि सुमनचं घर कोसळायचं. दोनदा कोसळलं, तीनदा कोसळलं, मग पोरीने अक्कल लढवली. खलातला बत्ता घेतला आणि एकेक वीट ठोकून बसवली. घर पडायचं थांबलं खरं, पण विटाही सुटायच्या थांबल्या. बाकीच्या ओढून-ताणून निघाल्या. एक तांबडी आणि एक पांढरी मात्र काही केल्या निघेनात. पांढरी खिडकीची होती, आणि खिडकीची तेवढी एकच होती.

सकाळी सोपान पहिल्या पाळीला गेल्यापासून कौशल्या त्या दोन विटांच्या मागे लागलेली होती. नखं घालून झाली. विळीचं टोक घालून झालं. दातांनी ओढून झालं, दाढेत कळ आली. मग तिला वाटलं, आपण कशाला एवढं कपाळ धरून बसलोय? पेल्यात पेला अडकला तर बाई काय करते? आतल्या पेल्यात गार पाणी ओतते, बाहेरचा कढत पाण्यात धरते, की बाहेरचा फुगतो, आतला आवळतो आणि दोघे निमूट वेगळे होतात. माहेरी खटावात तिच्या आईने केलं, सासरी सासूने केलं, या चाळीत तर आठवड्यातून एकदा कुणी ना कुणी करतच असतं. जे पितळेला लागू ते यालाही लागू, असं धरून तिने स्टो पेटवला आणि आधण ठेवलं. आता उलथन्याने विटा बाहेर काढून तिने जमिनीवर ठेवल्या तेव्हा कोपरे खाली बसले होते. टेंगळं गुळाच्या खड्यासारखी विरघळून आडवी झाली होती, खिडकीच्या चौकटीचं तोंड मिटलं होतं आणि तांबडी नि पांढरी आता कधीच कुणाला वेगळ्या करता येणार नव्हत्या. सुमनने त्या उचलल्या, पटकन टाकल्या, हात झाडला. तिला चटका बसला होता. कौशल्याने पोरीच्या त्या झाडलेल्या हाताकडे पाहिलं, मग स्वतःच्या बोटांकडे.

तिने सुमनला दारात बसवलं. सुईदोऱ्याची डबी काढली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. आधी उजव्या हाताच्या करंगळीला सुई लावून पाहिली. दुखलं. डाव्या हाताचा अंगठा दुखला, तर्जनी दुखली, मधल्या बोटालाही टोचलेलं कळलं. चौथ्याला, कुणी कापडावरून बोट लावावं, तेवढंच. करंगळीला काही नाही. तिने सुई आणखी दाबली. रक्ताचा थेंब आला, गोल झाला, ओघळला, आणि ती तो ओघळताना बघत राहिली, कारण बघितल्याशिवाय तो ओघळतोय हे कळायला दुसरा मार्ग नव्हता. दोन्ही बोटांवर एव्हाना पाण्याचे फोड धरू लागले होते. बोटं आपली, भाजलेली आपली, आणि त्यांना बातमीच नाही.

मग एकेक गोष्ट उठून पुढे येऊन बसू लागली. माणूस एकदा कानाडोळा करायचा थांबला की आतापर्यंत टाळलेलं सगळं एकदम हिशेब मागायला येतं, तसं झालं. दिवाळीच्या आधी डाव्या कोपराखाली एक फिकट चट्टा उठला होता. शिबं असेल म्हणून तिने वर लिंबू चोळलं आणि पदराखाली झाकून टाकलं. संक्रांतीला कासार आला होता. चाळीतल्या बायका बांगडी चढताना कण्हत होत्या, कळवळत होत्या, एकीच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि कासार कौशल्याचा डावा हात दाबता दाबता कौतुकाने म्हणाला होता की वैनींचा हात म्हणजे लोणी, इकडची बांगडी तिकडे गेली तरी बाई हूं की चूं करत नाही. तेव्हा ती चक्क सुखावली होती. चार बायकांत आपण सोसणाऱ्या, असं वाटून दोन दिवस ताठ मानेने वावरली होती. आता त्या सुखावण्याचीच तिला शिसारी आली. गेल्या महिन्यात सकाळी उठल्यावर करंगळीला जखम दिसली होती, आणि उंदीर कुरतडून गेला असेल अशी तिने स्वतःचीच समजूत घातली होती. उंदीर बोट कुरतडतो आणि बाई झोपून राहते, हे तिला खरं वाटलं होतं! वाटलं होतं, कारण तसं वाटणं बरं होतं.

आणि या सगळ्याच्या मागे आक्काबाई उभी होती. कौशल्याची चुलती. उंच, हसरी, कमरेला लुगड्याचा बोंगा खोचून दिवसभर राबणारी. कौशल्याच्या बापाला चिलीम लागायची, आणि विस्तव द्यायला चिमटा शोधत बसण्याऐवजी आक्काबाई चुलीतला निखारा सरळ दोन बोटांत धरून उचलायची आणि चिलमीवर ठेवायची. पोरं ते बघायला चुलीभोवती जमायची. पुन्हा कर, आक्का, पुन्हा कर, म्हणायची, आणि आक्का करायची. कौशल्या तेव्हा आठ वर्षांची. कुणाच्या तरी बारशाला गावातल्या साऱ्या बायका जमल्या होत्या. जी ती आपापल्या घरची बढाई सांगत होती, तेव्हा तिनेही मोठ्या तोऱ्यात सांगून टाकलं होतं की आमच्या आक्काला विस्तवाचा चटकाच लागत नाही. बायका बोलायच्या थांबल्या. एका म्हातारीने आक्काला जवळ बोलावलं, हात पुढे करायला लावले, पालथे करायला लावले, आणि स्वतःचा पदर आवरून मागे सरकली. चार दिवसांत ओढ्याच्या पलीकडे पाल्याचं खोपट उभं राहिलं. कुणी ओरडलं नाही, कुणी मारलं नाही. आक्काची ताटली तिच्याबरोबर गेली, आणि तिचा तीन वर्षांचा पोरगा गेला मामाकडे. भाकरी पोचवायचं काम कौशल्याकडे आलं. दगडावर ठेवायची आणि मागे व्हायचं. आक्का भाकरीकडे बघायची नाही, आधी विचारायची, "त्यो जेवला का गं?" पोरगा मामाच्या गावी होता, पाच कोसांवर, तो जेवला की उपाशी हे कौशल्याला कुठून ठाऊक असणार? ती रोज सांगायची, जेवला. चार वर्षं सांगितलं. बारशात तू बोललीस म्हणून हे झालं, असं आक्का तिला एकदाही म्हणाली नाही, आणि ते म्हणाली नाही हेच कौशल्याला आजवर पुरून उरलं होतं.

दारात सुमन वितळलेल्या विटा फुंकत बसली होती. तिने पाहिलं होतं. बोटं पाण्यात होती आणि आईने ती ओढून घेतली नाहीत, हे पाहणारं जगात एकच माणूस होतं आणि ते सहा वर्षांचं होतं. कौशल्याच्या मनात आलं, पोरीला जवळ घ्यावं आणि सांगावं, कुणाला बोलू नकोस. पण बोलू नकोस म्हटलेली गोष्टच पोर आधी बोलतं. त्यापेक्षा विषयच न काढलेला बरा. सोपानचं नाव कारखान्याच्या खोल्यांच्या यादीत लागलेलं होतं, वर्षभरात पक्की खोली मिळणार होती. सुमनला पाटी आणून ठेवली होती, जूनमध्ये शाळेत घालायची होती. महारोग्याची पोर कोणत्या बाकावर बसवतात? पुढे तिला कोण करून घेणार? आणि हे सगळं तोंड मिटून टळण्यासारखं असेल, तर तोंड मिटायला काय लागतं? पण तेवढ्यात दुसरं मन म्हणायचं, रात्री ही पोर तुझ्याच हातावर डोकं ठेवून झोपते. दोन्ही मनं तिचीच होती आणि दोन्ही खरं बोलत होती.

रहिमाबी आली ती वाटीभर डाळ परत करायला. शेजारच्याच खोलीत राहणारी, नवरा शौकत एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक, आणि अंगाने जेवढी थोराड तेवढीच मनाने मऊ. आल्या आल्या तिची नजर बोटांवर गेली. काय झालं, कसं झालं, म्हणत तिने वाटी खाली ठेवली, आपल्या घरी जाऊन शाईची दौत घेऊन आली आणि फोडांवर शाई लावायला बसली. "लई आग व्हत असंल," ती म्हणाली. भाजल्यावर माणूस कण्हतं, हे कौशल्याला माहीत होतं, पण किती वेळ कण्हतं, मध्येच थांबतं का, शाई लागली की जास्त कण्हतं की कमी, हे तिला आठवेना. तिने डोळे घट्ट मिटले, दातांतून श्वास ओढला आणि म्हणाली, "व्हय, लई आग व्हतीया." असं नाटक आयुष्यात पहिल्यांदा केलं होतं तिने, आणि तेही हिच्यापुढे, जिने सुमनच्या वेळच्या बाळंतपणात तिचं सगळं केलं होतं. दारातून सुमन म्हणाली की आईला दुखलंच नाही. रहिमाबी हसली. आया कधी पोरांना सांगतात होय, म्हणाली. पण शाई लावून झाल्यावर तिने कौशल्याचा हात लगेच सोडला नाही. एकदा पालथा करून पाहिला, मग हळूच खाली ठेवला. जाताना नेहमी दाराशी उभी राहून घटकाभर बोलायची, आज ती बोलली नाही. स्वतःची वाटी मात्र इथेच विसरली. खरंच विसरली की मुद्दाम ठेवून गेली, यावर कौशल्या पुढचे दोन तास विचार करत राहिली, पण तिला काहीच ठरवता आलं नाही.

साडेतीनला सोपानची सायकल वाजली. हातपाय धुऊन तो जेवायला बसला, आणि घास घेता घेता त्याची नजर त्या विटांवर पडली. काय झालं ते सुमननेच सांगितलं. तो आधी चिडला, मग त्याला हसू फुटलं. एवढ्या लांबून बोटीतून आलेली वस्तू, आणि हिने पेल्यासारखी उकडून काढली! खात्यात सांगितलं तर आणखी चार दिवसांची करमणूक होईल, म्हणाला. मग त्याने शाई लागलेली बोटं पाहिली आणि हसणं आवरतं घेतलं. उद्या दवाखान्यात जाऊ, कारखान्याचाच दवाखाना आहे, घरच्यांनाही बघतात, असं तो अगदी सहज म्हणाला. कौशल्याने मान हलवली. भलत्याच माणसाशी लग्न लागलं असतं तर हे बोटांचं झाकून नेणं सोपं गेलं असतं, असा एक विचित्र विचार तिच्या मनात येऊन गेला. हा असा समोर बसलेला, ओठाला ताक लागलेलं, आपल्यासाठी उद्याची पाळी बदलून घ्यायला निघालेला माणूस, याच्यापासून लपवणं म्हणजे झोपेतल्या माणसाच्या खिशात हात घालण्यासारखं होतं.

आक्काला आधीपासून ठाऊक असेल का, हे तिच्या मनात याआधी कधी आलं नव्हतं. आज आलं. निखारा बोटात धरताना आक्का हसायची ती चटका लागत नाही म्हणून, की लागत नाही हे कुणाला कळू नये म्हणून? पोरगा तेव्हा तिच्या कुशीत झोपायचा. ठाऊक असूनही तिने त्याला कुशीत घेतलं असेल, तर ती वाईट बाई होती का? आजवर कौशल्याला आक्काची दया आली होती, आज पहिल्यांदा तिचा राग आला, आणि लगेच त्या रागाच्या जागी स्वतःचंच तोंड दिसलं. तिला वाटत होतं, आजचा एक दिवस जाऊ द्यावा. उद्या बघू. परवा बघू. जूनमध्ये पोर शाळेत गेली की मग बघू.

सुमन जवळ येऊन बसली होती. विटा गेल्या याचं दुःख तिचं एव्हाना ओसरलं होतं. तिने आईचा डावा हात मांडीवर घेतला आणि फोडांवर फुंकर घालू लागली. तिला चटका बसला की आई असंच करायची. आधी फुंकर, आणि मग बोट तोंडात धरून चोखायचं, की आग थांबते. सुमनने फुंकर घातली. मग शाईने निळी झालेली ती करंगळी उचलून तिने सरळ तोंडात घातली.

कौशल्याने हात हिसकला आणि पोरीला असं ढकललं की ती ताटावर जाऊन पडली. ताक सांडलं. "पोरीला कशाला ढकलतीस?" सोपान ओरडला. सुमन रडली नाही, नुसती बघत राहिली. तिच्या ओठांवर शाई लागली होती. कौशल्याने पदराच्या टोकाने ती खसाखसा पुसली, पुन्हा पुसली, पोरीचे ओठ लाल होईपर्यंत पुसली. आता मात्र तिला आणखी एक दिवस नको होता. तिने डबीतून सुई काढली, सोपानच्या समोर बसली आणि हात त्याच्यापुढे धरला. करंगळीत सुई रुतवली, बाहेर काढली, पुन्हा रुतवली.

"दुखत न्हाई," ती म्हणाली.

सोपानही त्याच मुलखातला होता. त्याला यापुढे काही सांगावं लागलं नाही. त्याचा हात ताटातच राहिला, बोटांवरचा भात सुकत गेला. बाहेरून मालगाडी गेली, फळीवरची भांडी वाजली.

"कदीपास्नं?" त्याने विचारलं.

"दिवाळीपास्नं आसंल. मला ठावं नव्हतं." मग ती म्हणाली, "थोडं ठावं व्हतं."

त्याने हात धुतला. आता यावर गोळ्या निघाल्यात, त्याने कुणाकडून तरी ऐकलं होतं, पुण्यात देतात, बरं होतं म्हणे माणूस, असं तो जमिनीकडे बघत सांगत होता. आवाज मायेचा होता. कारखान्याच्या दवाखान्यात नको, असं तिने म्हटलं, आणि नकोच, असं तो लगेच म्हणाला, इतक्या लगेच की दोघांनीही एकमेकांकडे बघायचं टाळलं. तो तिला काही वाईट शब्द बोलला नाही. तो असा माणूसच नव्हता. फक्त बोलता बोलता तो बसल्या जागेवरून हातभर मागे सरकला होता, आणि हे त्याच्या ध्यानात आलेलं नव्हतं. तिच्या आलं.

"सुमे," तो म्हणाला, "हिकडं ये माझ्याकडं."

सुमन गेली नाही. उलट आईच्या पाठीमागून तिने गळ्यात दोन्ही हात टाकले आणि गाल मानेवर दाबून धरला. सोपानने पुन्हा हाक मारली, आवाज जरा चढवून. पोरीने मिठी आणखी आवळली. तो उठला, दोन पावलं पुढे आला आणि तिथेच थांबला. पोरीला ओढून घ्यायची तर आधी कौशल्याला हात लागणार होता, आणि तो हात लागावा की न लागावा हे त्याचं त्यालाच ठरवता येईना. तो तसाच उभा राहिला. त्याच्या तोंडावरची ती लाज कौशल्याला बघवेना. म्हणून मग तिनेच हात वर नेले आणि गळ्यातली पोरीची बोटं सोडवायला सुरुवात केली. एक सुटलं की दुसरं धरायचं, दुसरं सोडवावं तर पहिलं पुन्हा येऊन बसायचं. केवढा जोर होता त्या एवढ्याशा हातांत! हुंदके देत सुमन तिच्या कानाशी म्हणत होती, "आई, मला न्हाई पायजेत विटा. मी कदी मागणार न्हाई. आई, मी ठोकणार न्हाई आता."

पोरीला हे विटांमुळे झालं असं वाटत होतं. बत्त्याने ठोकून तिने विटा अडकवल्या, म्हणून आई रागावली, म्हणून आई दूर करतेय. विटांचं काही नाही गं, असं कौशल्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण रागावलेली आई घटकाभराने पुन्हा जवळ घेते, एवढं सुमनला ठाऊक होतं. पोरीला तेच वाटू दे, असं कौशल्याने ठरवलं. तिने तोंड रागाचं केलं आणि उरलेली बोटं सोडवली.